डाव्या बाजूचा माणूस

ज्यांच्या घरात कुणाला दुसऱ्याचं लिव्हर बसवलंय, किंवा तशी बोलणी चाललीयेत, त्यांच्या हाती हे पडावं म्हणून लिहितेय. मी काही लेखिका नाही. उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात चेकर होते. तयार पँट टेबलावर यायची. तिची शिवण, खिसे, काज, चेन सगळं नजरेखालून घालायचं, चूक दिसली की खडूने खूण करायची आणि पँट परत मशीनवर पाठवायची. कारागीर वैतागायचे. "दीदी, इतना तो चलता है," म्हणायचे. माझ्याकडे नाही चालायचं. माझ्या डोळ्यांवर माझा फार भरवसा होता, आणि सगळा घोळ त्या भरवशानेच केला.

ऑपरेशन कसं करतात, कुठली गोळी कशासाठी, ते डॉक्टर तुम्हाला सांगतील. मला सांगायचंय ते त्यांच्या कागदांत नसतं. आजारपणात घरात एक माणूस येऊन उभा राहिला आणि मी त्याच्याबद्दल कुणाला बोलले नाही, ती गोष्ट आहे.

हळद

सुरुवात कारखान्यातच झाली. चेकिंगच्या टेबलावर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड असतो. आमचे सिंधी शेठ तिथे येऊन माझ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "शोभा दीदी, अपनी आंखें देखी क्या? हल्दी हो गई हैं." मी बाथरूमच्या आरशात पाहिलं. दुसऱ्याच्या शिवणीतला एक टाका सुटलेला मला दिसायचा, आणि स्वतःचे डोळे पिवळे झालेले शेठला दिसले.

कावीळ म्हणून औषध झालं. शेजारणी म्हणाल्या, अमक्या गावात एक जण काविळीची मुळी देतो, माळ बांधतो. मी म्हटलं, आमच्यात चालत नाही ते. आमचं दीक्षा घेतलेलं घर. आजोबांनी गावचे देव पोत्यात बांधून नदीत सोडले होते. आमचे वडील, अण्णा, आता नाहीत. अंबरनाथला कारखान्यात फिटर होते. भूत हा शब्द आमच्या घरात फक्त हसताना निघायचा. कुणाला काही दिसलं, कुणाच्या अंगात आलं की अण्णा म्हणायचे, "आधी नीट बघ, तपास, मग बोल." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टर मॅडम शांत बाई होत्या. म्हणाल्या, "तुमचंच शरीर तुमच्या लिव्हरला परकं समजून खातंय. बरीच वर्षं चाललंय हे. आता बदलायलाच लागेल." माझे मिस्टर, प्रकाश, चहा आणतो म्हणून उठले आणि येईचनात. मी शोधत गेले तर ते जिन्यात बसलेले, दोन्ही हातांत दोन कप, वर साय धरलेली. मला बघून म्हणाले, "थंड झाला गं." तो थंड चहा आम्ही दोघांनी तिथेच बसून प्यायला.

नात्यात बातमी पसरली तशी पहिली शंका आली ती दारूची. बाई असून प्यायची का म्हणून. असल्या लोकांना उत्तर द्यायला जाऊ नका, ताकद वाया जाते.

लता

लता माझी धाकटी बहीण. पालेगावच्या बाजूला अंगणवाडीत बाई आहे. दिवसभर अंगाखांद्यावर बारकी पोरं. तिच्या खांद्यावर कायम कुणाची तरी लाळ वाळलेली असते, आणि तिला त्याचं काही नाही. शेंबूड पदरानेच पुसते. मी लहानपणापासून टापटिपीची, तिला ओरडायचे.

तिने मला विचारलंच नाही. आधी स्वतःच्या तपासण्या करून आली, मग सांगितलं, "ताई, माझं जुळतंय. अर्धं घे." तिच्या सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. एकीला वाचवायला दुसरीचं पोट फाडायचं, ही कुठली रीत? लता म्हणाली, "परत वाढतं हो आई ते. केस वाढतात तसं." सासूबाई त्यानंतर माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लताला दोन मुलं आहेत.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर मॅडमनी दोघींना समोर बसवून धोके सांगितले. भरपूर होते. त्यात एक असा: "एक विषाणू असतो. बहुतेकांना लहानपणीच कधीतरी होऊन जातो, कळतही नाही, मग तो आयुष्यभर अंगात झोपून राहतो. लताताईंच्या रक्तात त्याची जुनी खूण आहे. शोभाताई, तुमच्या रक्तात नाही. म्हणजे तुमच्या शरीराने त्याला कधी पाहिलेलंच नाही. लिव्हरबरोबर तो तुमच्याकडे येऊ शकतो. म्हणून काही महिने त्यासाठी वेगळी गोळी देऊ."

आम्ही दोघींनी माना हलवल्या. लताने विचारलं, "मला काही त्रास?" मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काही नाही." विषय संपला. आमचं सगळं लक्ष सुरीकडे होतं.

पिल्लू

आयसीयूतलं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मशीनचा आवाज, तोंडाला सुटलेली कोरड, आणि वॉर्डातल्या मावशी. लता दुसऱ्या मजल्यावर होती. मावशी तिथून फेरी मारून यायच्या, माझ्या काचेसमोर उभ्या राहून बोटं तोंडाशी नेऊन दाखवायच्या, म्हणजे आज ती जेवली. दोन बोटं चालवून दाखवायच्या, म्हणजे आज ती चालली. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही. त्यांच्या बोटांवर मी ते दिवस काढले.

मग एकदा लता स्वतः आली. पोटावर उशी दाबून, वाकून चालत. माझ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही, सरळ पोटाकडे बघून विचारलं, "कसं आहे माझं पिल्लू?" मला हसू आलं आणि टाके असे ओढले की डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ती भेटली की पहिलं हेच विचारायची.

लोकही विचारायचे, तुझ्यात लताचं काही आलं का? चहा तिच्यासारखा गोड लागतो का? मी म्हणायचे, काही आलं नाही, मी होते तशीच खडूस आहे.

थोड्याच दिवसांत माझ्या शरीराने लताचा तुकडा परका म्हणून ओळखला आणि ते त्याच्यावर उठलं. रिपोर्ट बिघडले. मग मोठमोठे डोस देऊन शरीराची राखण करणारी ताकद आणखी झोपवली. पिल्लू वाचलं. पण वॉचमन गाढ झोपला की गेटमधून कोण शिरतंय ते कोण बघणार, हा विचार तेव्हा आमच्या डोक्यात आला नाही.

सोनिवलीचा टॉवर

अंबरनाथचं आमचं घर चाळीत, संडास सामायिक, आणि माणसांची ये-जा कायम. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर माणुसकी नाही म्हणतात. सगळी आळी मोसंबी घेऊन यायला टपलेली. डॉक्टर म्हणाले, तिथे न्यायचं नाही. मिस्टरांच्या कंपनीतल्या एकाचा बदलापूरजवळ सोनिवलीला नवा फ्लॅट रिकामा पडलेला. तिथे गेलो. आळीतले लोक रुसले ते रुसलेच.

ती बिल्डिंग मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आमच्या विंगमध्ये दोनच घरांत माणसं. बाकी दारांना पुठ्ठे लावलेले, काचांवर खडूच्या फुल्या तशाच. आपण खोकलो की आवाज जिन्यातून खाली जायचा आणि थोड्या वेळाने कुणीतरी खाली खोकल्यासारखा वर यायचा. लिफ्ट न बोलावता आमच्या मजल्यावर येऊन थांबायची. दार उघडायचं, आत कुणी नसायचं, दार बंद व्हायचं. मिस्टर म्हणाले, सेटिंग तसंच असतं. असेल.

ते सकाळी कंपनीत गेले की संध्याकाळपर्यंत मी एकटी. उकळलेलं पाणी, शिजवलेलं अन्न, कच्चं काही नाही, फुलं नाहीत, कुंडी नाही. बोलायला दुसऱ्या घरातल्या मैनामावशी. त्या मूळच्या सोनिवलीच्याच. ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांची, बदल्यात फ्लॅट मिळाला. त्या दारातून बोलायच्या, आत यायच्या नाहीत. मी मास्क लावून उंबऱ्याच्या आत बसायचे. लता रविवारी यायची, तीसुद्धा दाराशीच बसायची. "कसं आहे पिल्लू?" मग निवडायला आणलेली भाजी काढून गप्पा.

ती वेगळी गोळी ठरलेल्या मुदतीनंतर डॉक्टरांनी बंद केली. मिस्टरांनी खीर केली. गोळी संपली म्हणजे धोका संपला असा आम्हीच अर्थ लावला. खरं तर जास्त सांभाळायचं ते तिथून पुढेच होतं, आणि डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. आमच्या कानांनी ते घेतलं नाही.

तो आला

भर दुपारची वेळ होती. मी पलंगावर बसून पडद्याची उसवलेली बाजू शिवत होते. हाताला काम नसलं की मला चैन पडत नाही. डाव्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारात, कुणीतरी उभं आहे असं वाटलं. मला वाटलं मिस्टर लवकर आले. "काय हो, सुट्टी झाली?" मी म्हटलं आणि मान वळवली. दार रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी परत. राखेच्या रंगाचा, माणसाएवढा उंच. तोंड नाही, हातपाय नाहीत, पण उभा आहे हे नक्की. वळून बघितलं की सरकायचा आणि पुन्हा डावीकडेच. आवाज नाही, वास नाही. काही करायचा नाही. नुसता उभा.

मग तो सकाळीही यायला लागला. मी स्वयंपाकघरात गेले की तिथे. बाथरूममध्ये गेले की तिथे. हवेत बारीक काळं काहीतरी तरंगायचं, मला वाटलं चिलटं. मी खिडक्या लावून घेतल्या, तरी तरंगायचं. दुपारी अंग कोमट व्हायचं. टॉवरचा वरचा मजला, स्लॅब तापते, म्हणून असेल असं मी धरून चालले.

एकदा मिस्टर माझ्या डावीकडे जेवायला बसले. मी भाकरी वाढताना बघितलं तर त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू नव्हती. तिथे राख होती. कान, गाल, काही नाही, आणि उरलेलं तोंड घास चावत होतं. मी डोळे मिटले, उघडले. चेहरा पुन्हा होता. "काय बघतेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दाढी वाढलीय तुमची." आणि दुसरी भाकरी आणायला उठले.

मला भीती वाटत होती. ती लपवण्यात काही अर्थ नाही. पण बोलायचं तर काय बोलायचं? अण्णांच्या लेकीला भूत दिसतं? ज्या घराने देव सोडले त्या घरातली बाई सोनिवलीच्या टॉवरमध्ये माणूस बघते? लोक काय म्हणतील यापेक्षा अण्णा काय म्हणाले असते याचीच लाज जास्त. मनाशी ठरवलं, एवढ्या गोळ्यांनी डोकं फिरत असेल, आपोआप जाईल. नाही मानायचं म्हणजे नाही मानायचं.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून चौकशीचा फोन आला. पेशंटची विचारपूस करणारी मुलगी होती.

"ताप आहे का, मावशी?"

"अंग थोडं कोमट असतं."

"बरं. पुढच्या तपासणीला लवकरच बोलावू. खोकला? जुलाब? डोळ्यांना काही त्रास?"

"डोळे एकदम चांगले आहेत," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नाही. आजही तेच सांगेन. माझ्या लेखी तो डोळ्यांचा विषयच नव्हता. सुई मी चष्म्याशिवाय ओवत होते. तो दारातला विषय होता, आणि दारातला विषय हॉस्पिटलला सांगायचा नसतो. फोन चालू असतानाही तो डावीकडे उभा होता.

जागेवाला

मैनामावशींच्या लक्षात आलं. दारात बसून बोलता बोलता थांबल्या आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "बाय, तू मगासधरना डावीकडं कोनाला बगतंस गो?"

"कुणाला नाही."

"मना नको सांगू. तुजी नजर तकडं जाते नि परत येते. कोन हाय?"

किती दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकं तेच विचारलं होतं. मी म्हणाले, "माणूस आहे." आणि म्हटल्या म्हटल्या रडायला लागले. तोंडावर मास्क, आत नाक गळतंय, पुसायचीही सोय नाही.

मावशींना काहीच नवल वाटलं नाही. उंची विचारली, रंग विचारला. मग म्हणाल्या, "हितं आमचा खला होता. भात झोडायचो. तो जागेवाला आसल. बिल्डिंग बांदली तवा त्याला कोनी नारल दिला नाय. तो उबा रानार नाय तर काय करनार?"

जागेवाला म्हणजे जागेची राखण करणारा. त्यांनी ते इतकं सहज सांगितलं की मला बरं वाटलं. त्याला काही हवंय आणि ते देता येतं, एवढंच ऐकायची मी भुकेली होते. मावशी स्वतःच्या घरी जाऊन नारळ आणि मूठभर मीठ-मिरच्या घेऊन आल्या. मी नको म्हणाले नाही. उंबऱ्याशी उभी राहिले, त्यांनी बाहेरूनच हात लांब करून माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवायला सुरुवात केली. तो डावीकडे उभा राहून ते सगळं बघत होता.

आणि लिफ्ट आली. मला वाटलं, रिकामीच असेल. दार उघडलं आणि आतून लता निघाली, हातात डबा.

"ताई," ती म्हणाली, "हे काय चाललंय? अण्णांनी बघितलं असतं तर?"

मावशीच म्हणाल्या, "तुज्या बहिनीला मानूस दिसतं."

मला वाटलं लता हसेल. ती हसली नाही. डबा खाली ठेवला, हातांना सॅनिटायझर लावलं आणि अंगणवाडीतल्या पोराशी बोलावं तसं विचारलं, "कुठे दिसतो गं? आता आहे? दाखव बोटाने." मी दाखवलं. ती त्या जागी जाऊन उभी राहिली. "आता?" मी म्हटलं, "तू त्याच्यात उभी आहेस." तिच्या अंगावर काटा आला, मला दिसलं. पण ती हलली नाही. मग पुढे येऊन तिने माझा उजवा डोळा तळहाताने झाकला. तिच्याकडे दरवर्षी पोरांची तपासणी होते, डॉक्टर एकेक डोळा झाकून चित्रं ओळखायला लावतात, ते तिने शंभरदा पाहिलेलं.

उजवा डोळा झाकला आणि डावीकडचं सगळं गेलं. मैनामावशी नव्हत्या. दाराची चौकट नव्हती. नुसती राख. तो एवढा मोठा झाला होता आणि मला पत्ता नव्हता.

मग तिने हात काढून डावा डोळा झाकला. दार आलं, मावशी आल्या, हातातला नारळ आला. तो गेला.

"गेला?" लताने विचारलं.

"गेला."

पुन्हा उजवा झाकला. पुन्हा आला.

"ताई, तो दारात नाही," लता हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या डोळ्यात आहे."

मी स्वतः खात्री करून घेतली. एका डोळ्याने पडद्याची शिवण वरून खाली बघत आले, टेबलावर पँट बघायचे तशी. मध्येच शिवण गायब, आणि खाली पुन्हा सुरू. ती शिवण मीच घातलेली. एक टाका वाकडा नव्हता. आधी नीट बघ, तपास, मग बोल, हे अण्णांचं वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं, आणि या खेपेला न बघताच नाही म्हणून मोकळी झाले. मी त्याला मानायला नकार दिला म्हणून त्याला तपासलंच नाही. मावशींनी त्याला मानलं म्हणून निदान त्याची उंची तरी विचारली.

मावशी नारळ धरून तशाच उभ्या. "मंग ह्यो कोनाला देवू?"

"मला द्या, भाजीत घालते," लता म्हणाली आणि हॉस्पिटलला फोन लावला.

मावशी जाता जाता म्हणाल्या, "डोल्यात आसला तरी त्याला जागा लागतेच ना." त्या वाक्याने मला आजही कसंतरी होतं.

दार कुणाचं

डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रखर उजेड टाकून बुबुळाच्या आत पाहिलं. तोच विषाणू, डोळ्याच्या मागच्या पडद्याला लागलेला. रक्तातही तो भरपूर निघाला. लिव्हर बदललेल्यांच्यात तो सहसा डोळ्यात जात नाही म्हणे. माझ्यात गेला.

डॉक्टर मॅडमनी लताला आणि मला समोर बसवलं. मागे धोके सांगताना होतो तशाच बसलो होतो. मी विचारलं, मलाच का? त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. देणाऱ्याच्या अंगात तो असणं आणि घेणाऱ्याच्या अंगात कधीच आलेला नसणं, हा सगळ्यात मोठा धोका. त्यात माझं शरीर लिव्हरवर उठलं तेव्हा जास्तीचे डोस द्यावे लागले, तो दुसरा. गोळी बंद झाल्यावरचे महिने, तो तिसरा. "यात कुणाची चूक नाही," त्या म्हणाल्या.

लता म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून गेलं."

"तुमच्या लिव्हरबरोबर आलं. ते लिव्हर नसतं तर शोभाताई आज इथे नसत्या."

लताने मान हलवली. पुढचं तिने ऐकलं की नाही कोण जाणे. पुढचं असं होतं की विषाणूला मारायचं तर सलाईनमधून औषध लागेल, आणि शरीराला लढायला थोडं जागं करायचं तर लिव्हर सांभाळणारी औषधं कमी करावी लागतील. ती कमी केली तर शरीर पुन्हा लिव्हरवर उठू शकतं. नाही केली तर डोळे जातील, आणि मग डोळ्यांवर थांबेलच असं नाही. म्हणजे लताचा तुकडा पणाला लावूनच जगायचं.

निघताना लताने "कसं आहे पिल्लू" विचारलं नाही. आणि मग ती आलीच नाही.

मला हॉस्पिटलात ठेवून घेतलं, त्या खोलीत मी एकटीच होते. दंडाला सलाईन, खिडकीला न उघडणारी काच. तो डावीकडेच होता. कोण आहे ते कळल्यावर भीती कमी होते म्हणतात, माझी वाढली. आधी तो घरात होता, घर बदलता आलं असतं. आता मी जिथे जाईन तिथे तो. आणि मला राहून राहून वाटायचं, हा लताच्या अंगात वर्षानुवर्षं राहिला, तिच्याबरोबर जेवला, झोपला, तिच्या लग्नात होता, बाळंतपणांत होता, आणि तिला एकदाही दिसला नाही. माझ्याकडे आला आणि उभा राहिला.

लिव्हरचे आकडे वर जायला लागले. डॉक्टर मॅडम रिपोर्ट बघून ओठ मिटायच्या. मी मिस्टरांना विचारायचे, "लता कुठे?" ते म्हणायचे, "फोन उचलत नाही." एकदा मी त्यांच्यावर ओरडले, की तुम्ही तिला काही बोललात का? ते म्हणाले, "मी काय बोलणार? तिने पोट फाडून दिलं, मी बोलणार तिला?" आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले असणार. त्या दिवसांत त्यांची जागा तीच होती.

मला मरणाची भीती होतीच. पण लताचा तुकडा माझ्या पोटात मेला तर तिला तोंड कसं दाखवायचं, ती त्याहून मोठी होती. आणि मी मेले तर ती उरलेलं आयुष्य काय घेऊन जगेल, ती सगळ्यात मोठी.

मग रक्तातला विषाणू उतरायला लागला. हळूहळू. लिव्हरचे आकडे वर जायचे थांबले, थोडे खाली आले. मॅडम पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "चालायला हरकत नाही." कॉरिडॉरमध्ये भिंतीचा कठडा धरून मी चालत होते. डावीकडे कुणीतरी आहे असं वाटलं. त्याच्याकडे बघायचं नाही हे मी शिकले होते. पण त्या दिवशी राग आला. एवढं सगळं झालं तरी हा आपला उभाच. मी मोठ्याने म्हटलं, "जा आता."

"जा म्हणतेस तर जाते," लताचा आवाज आला.

मी पूर्ण वळले तेव्हा दिसली. सुकली होती. हातांची सालं निघालेली. म्हणाली, "पोरांना जवळ घेणं बंद केलं होतं गं. सारखी हात धूत होते. एक बारकी रोज मांडीवर बसणारी, तिला लांब बसवलं तर ती भिंतीकडे तोंड करून बसली. मला वाटायला लागलं, मी ज्याला शिवेन त्याला काहीतरी लागेल."

"वेडी आहेस," मी म्हटलं. "मी मॅडमना विचारलं, लताला आला कुठून असेल? त्या म्हणाल्या, बारक्या पोरांच्या लाळेतून येतो. म्हणजे तुझ्याच एखाद्या शेंबड्याचा आहे तो. लहानपणापासून सांगतेय, पदराने पुसू नकोस."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मग डोळे पुसून, मास्क नीट करून, माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "कसं आहे माझं पिल्लू?"

अजून

डाव्या डोळ्याचं गेलं ते आलं नाही. पुढे वाढायचं थांबलं, एवढंच. चेकरचं काम सुटलं. शेठने पॅकिंगला घेतलं आहे, तिथे डोळे कमी आणि हात जास्त लागतात.

तुम्हाला एकच सांगते. रोज एकेक डोळा झाकून एखादी सरळ रेघ बघा. दाराची चौकट, पडद्याची शिवण, काहीही. आणि जे दिसेल ते सांगा. कितीही वेडगळ वाटलं, कितीही लाज वाटली तरी त्या फोनवरच्या मुलीला सांगा, की माझ्या घरात एक माणूस उभा आहे. ती हसणार नाही.

परवा लता आणि मी अंबरनाथच्या बाजारात गेलो होतो. ती माझ्या डावीकडून चालते, गाडी आली की दंड धरते. मी तिच्याशी बोलत चालले होते, मुलांचं, सासूबाईंचं, बरंच काही. मागून तिची हाक आली, "ताई, थांब की. मी मघापासून मेथी घेतेय."

मी थांबले. डावीकडे तो होता.

लता धापा टाकत आली. "एवढा वेळ कुणाशी बोलत होतीस?"

मी डावीकडे बोट दाखवलं. तिला कळलं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "सरक म्हणावं त्याला."

आणि ती त्या जागी येऊन उभी राहिली. मला ती दिसली नाही. हात तेवढा हाताला लागला, मेथीच्या पाण्याने ओला.